शेबँग ओळ आणि एन्व्ह आज्ञा

शेबँग ओळ ही युनिक्स व युनिक्ससदृश संचालन प्रणालींमध्ये स्क्रिप्टच्या आरंभी लिहिली जाणारी ओळ होय. ती स्क्रिप्ट कोणत्या इंटरप्रिटरने वाचून चालवावी, याची सूचना या ओळीतून संचालन प्रणालीला मिळते. ओळीची सुरुवात हॅश (#) आणि उद्गारचिन्ह (!) या दोन चिन्हांनी होते व त्यापुढे इंटरप्रिटरचा मार्ग दिलेला असतो. हा मार्ग कायमचा लिहून ठेवल्यास, इंटरप्रिटर अन्य ठिकाणी असलेल्या संगणकावर स्क्रिप्ट चालत नाही. ही अडचण टाळण्यासाठी शेबँग ओळीत एन्व्ह या आज्ञेचा मार्ग देऊन, इंटरप्रिटर शोधण्याचे काम स्क्रिप्ट चालविण्याच्या क्षणापर्यंत पुढे ढकलण्याची पद्धत रूढ झाली आहे. या पद्धतीने स्क्रिप्ट एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर नेणे सोपे होते. मात्र इंटरप्रिटर निवडण्याचा अधिकार लेखकाकडून स्क्रिप्ट चालविणाऱ्याच्या परिसराकडे जातो. त्यामुळे ही पद्धत कोठे वापरावी व कोठे टाळावी, याविषयी निरनिराळी धोरणे आढळतात.

या लेखात आज्ञा व मार्ग उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष संगणकावर ते रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकित करावे लागतात. उदाहरणार्थ, ‘एन्व्ह’ ही आज्ञा ई, एन, व्ही या तीन अक्षरांनी, तर ‘यूएसआर’ आणि ‘बिन’ ही डिरेक्टरींची नावे अनुक्रमे यू, एस, आर आणि बी, आय, एन या अक्षरांनी लिहितात.

## पार्श्वभूमी

सी भाषेसारख्या भाषेतील आज्ञावलीचे संकलकाच्या (कंपायलर) साहाय्याने यंत्रभाषेत रूपांतर केले जाते आणि तयार झालेली फाइल प्रोसेसर थेट चालवू शकतो. शेल, पायथन, पर्ल, रुबी इत्यादी भाषांतील स्क्रिप्ट मात्र साध्या मजकुराच्या स्वरूपात असते. ती चालविण्यासाठी इंटरप्रिटर हा स्वतंत्र कार्यक्रम लागतो.

वापरकर्त्याने एखादी फाइल चालविण्याची आज्ञा दिल्यावर कर्नल त्या फाइलीचे पहिले काही बाइट वाचतो. पहिल्या दोन बाइटांची मूल्ये दशमान पद्धतीत ३५ आणि ३३, म्हणजेच # आणि ! या चिन्हांची असल्यास कर्नल ती फाइल स्क्रिप्ट आहे असे मानतो. उरलेल्या ओळीतून तो इंटरप्रिटरचा मार्ग घेतो, तो इंटरप्रिटर सुरू करतो आणि स्क्रिप्टचे नाव त्याच्या हाती देतो. उदाहरणार्थ, स्क्रिप्टची पहिली ओळ

#!/यूएसआर/बिन/पायथन३

अशी असल्यास, वापरकर्त्याने पायथनचे नाव न घेताही स्क्रिप्ट पायथनमध्ये चालते. त्यासाठी फाइलीला ‘चालविण्याची’ परवानगी दिलेली असणे आवश्यक असते. बहुतेक स्क्रिप्ट भाषांमध्ये # हे टिप्पणीचे चिन्ह असल्यामुळे इंटरप्रिटर स्वतः ही ओळ टिप्पणी समजून सोडून देतो. एकच ओळ कर्नलसाठी सूचना आणि इंटरप्रिटरसाठी टिप्पणी ठरते, यातच या रचनेची सोय आहे.

## इतिहास

युनिक्सच्या १९७९ साली आलेल्या सातव्या आवृत्तीपर्यंत कर्नलला स्क्रिप्ट ओळखता येत नव्हती. फाइल यंत्रभाषेत नसल्यास कर्नल ती चालविण्यास नकार देई आणि त्यानंतर शेल ती फाइल स्वतःच्या भाषेतील समजून वाचत असे. त्यामुळे शेलखेरीज अन्य भाषांतील स्क्रिप्टना सामान्य आज्ञेप्रमाणे वापरता येत नसे.

बेल प्रयोगशाळेतील डेनिस रिची यांनी जानेवारी १९८०मध्ये कर्नलमध्येच ही सोय केली. रिची हे युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक आणि सी भाषेचे जनक होत. बर्कली येथील युनिक्सविषयक परिषदेत कोणाशी तरी झालेल्या चर्चेतून ही कल्पना आपल्याला मिळाली असावी, असे त्यांनी पुढे नमूद केले. बर्कली विद्यापीठाच्या बीएसडी युनिक्समध्येही ही सोय आली आणि १९८३ सालच्या ४.२ बीएसडीपासून तिचा प्रसार झाला. या ओळीला सुरुवातीस कोणतेही अधिकृत नाव नव्हते. शेबँग, हॅशबँग, शाबँग, पाउंडबँग ही सर्व नावे वापरातून रूढ झाली.

युनिक्सच्या आज्ञांचे प्रमाणीकरण करणाऱ्या पॉझिक्स या मानकाने शेबँग ओळीचे वर्तन ठरवून दिलेले नाही. हे चिन्ह पहिल्या ओळीत आल्यास होणारा परिणाम अनिर्दिष्ट राहील, एवढेच हे मानक सांगते. त्यामुळे ही ओळ जवळजवळ सर्व युनिक्ससदृश प्रणालींवर चालत असली, तरी तिच्या तपशिलात प्रणालीगणिक फरक आढळतो.

## निश्चित मार्गाची अडचण

शेबँग ओळीतील मार्ग साधारणतः मुळापासून, म्हणजे तिरप्या रेघेपासून लिहिलेला पूर्ण मार्ग असतो. कर्नल स्वतः इंटरप्रिटर शोधत नाही आणि आज्ञा शोधण्यासाठी शेल वापरत असलेला ‘पाथ’ हा परिसरचल (एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल) तो पाहत नाही. दिलेल्या जागी इंटरप्रिटर नसेल, तर स्क्रिप्ट चालत नाही.

इंटरप्रिटरची जागा सर्वत्र सारखी नसते, हे पुढील उदाहरणांवरून दिसते :

- बहुतेक लिनक्स वितरणांत बॅश हा शेल ‘/बिन/बॅश’ येथे मिळतो. फ्रीबीएसडीमध्ये तो वेगळा स्थापित करावा लागतो आणि ‘/यूएसआर/लोकल/बिन/बॅश’ येथे असतो.
- मॅकओएसमध्ये ‘/बिन/बॅश’ येथे बॅशची ३.२ ही जुनी आवृत्ती असते. होमब्रूद्वारे स्थापित केलेली नवी आवृत्ती ॲपलचे स्वतःचे प्रोसेसर असलेल्या संगणकांवर ‘/ऑप्ट/होमब्रू/बिन’ येथे, तर इंटेल प्रोसेसर असलेल्या संगणकांवर ‘/यूएसआर/लोकल/बिन’ येथे जाते.
- निक्सओएसमध्ये प्रत्येक कार्यक्रम स्वतःच्या स्वतंत्र डिरेक्टरीत राहतो. ‘/बिन/एसएच’ आणि ‘/यूएसआर/बिन/एन्व्ह’ एवढेच मार्ग तेथे नेहमीच्या जागी ठेवलेले असतात.
- पायथनच्या आभासी परिसरात (व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट) प्रत्येक प्रकल्पाचा पायथन त्या प्रकल्पाच्या डिरेक्टरीतच असतो.

इंटरप्रिटर न मिळाल्यास येणारा संदेश नवशिक्यांना गोंधळात टाकतो. फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही’ असे संगणक सांगतो. हा संदेश स्क्रिप्टविषयी नसून तिच्या पहिल्या ओळीत नमूद केलेल्या इंटरप्रिटरविषयी असतो.

## एन्व्ह आज्ञेचे कार्य

एन्व्ह या आज्ञेचा मूळ उद्देश वेगळा आहे. नुसती दिल्यास ती सध्याचे सर्व परिसरचल छापते. परिसरचलांत बदल करून त्या बदललेल्या परिसरात दुसरी आज्ञा चालविणे, हा तिचा दुसरा उपयोग. हे काम करताना ती दिलेल्या आज्ञेचा शोध ‘पाथ’ या चलातील डिरेक्टरींमध्ये क्रमाने घेते. शेबँग ओळीत तिच्या याच गुणाचा उपयोग केला जातो :

#!/यूएसआर/बिन/एन्व्ह पायथन३

ही ओळ असलेली स्क्रिप्ट चालविल्यावर पुढील घटना घडतात :

1. कर्नल पहिली ओळ वाचतो आणि ‘/यूएसआर/बिन/एन्व्ह’ हा कार्यक्रम सुरू करतो. त्याला ‘पायथन३’ हा शब्द आणि स्क्रिप्टचे नाव दिले जाते.
2. एन्व्ह ही आज्ञा ‘पाथ’मधील डिरेक्टरी डावीकडून उजवीकडे तपासते आणि ‘पायथन३’ या नावाचा पहिला चालविण्याजोगा कार्यक्रम निवडते.
3. एन्व्ह स्वतःच्या जागी त्या पायथनला बसविते. नवी प्रक्रिया निर्माण होत नाही आणि एन्व्ह मागे शिल्लक राहत नाही.
4. पायथन स्क्रिप्ट वाचून चालवितो.

शोधलेला कार्यक्रम न सापडल्यास एन्व्ह १२७ हा निर्गमन संकेत परत करते. कार्यक्रम सापडला पण चालविता आला नाही, तर हा संकेत १२६ असतो.

या युक्तीत निश्चित मार्गाची अडचण पूर्णतः नाहीशी होत नाही. अनेक इंटरप्रिटरांच्या जागी एकट्या एन्व्हची जागा निश्चित मानली जाते. ही जागाही पॉझिक्सने ठरविलेली नाही. तथापि बहुसंख्य प्रणालींवर एन्व्ह ‘/यूएसआर/बिन’मध्येच आढळत असल्यामुळे ही पद्धत व्यवहारात उपयुक्त ठरते.

## उदाहरण : बिलोली ते पुणे

समजा, नांदेड जिल्ह्यातील बिलोली येथील एका विद्यार्थिनीने तालुक्यातील दैनंदिन पर्जन्यमानाच्या नोंदींची मासिक बेरीज व सरासरी काढणारी पायथन स्क्रिप्ट लिहिली आहे. घरी तिच्याकडे अँड्रॉइड भ्रमणध्वनी असून त्यावर टर्मक्स हे ॲप आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उबुंटू लिनक्स आहे. पुढे संशोधनासाठी तिला पुण्यातील महासंगणकावर हीच स्क्रिप्ट अनेक वर्षांच्या नोंदींवर चालवायची आहे.

प्रयोगशाळेत पायथन ‘/यूएसआर/बिन/पायथन३’ येथे असतो. हा मार्ग स्क्रिप्टमध्ये थेट लिहिल्यास ती प्रयोगशाळेत चालेल. अँड्रॉइडवर मात्र ‘/यूएसआर/बिन’ ही डिरेक्टरीच नसते. टर्मक्सचे सर्व कार्यक्रम त्या ॲपच्या खासगी डिरेक्टरीत राहतात. म्हणून टर्मक्समध्ये ‘टर्मक्स-एक्झेक’ ही लायब्ररी अशा नेहमीच्या मार्गांना स्वतःच्या डिरेक्टरीकडे वळविते. तसेच ‘टर्मक्स-फिक्स-शेबँग’ ही आज्ञा स्क्रिप्टमधील पहिली ओळच बदलून देते. टर्मक्सबाहेरून स्क्रिप्ट सुरू केल्यास ही सोय लागू होत नाही.

महासंगणकावरील परिस्थिती आणखी वेगळी असते. पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राची (सी-डॅक) स्थापना १९८८ साली झाली आणि १९९१ साली या संस्थेने ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. राष्ट्रीय महासंगणन अभियानाअंतर्गत पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक उभारण्यात आला आहे. अशा यंत्रणेवर शेकडो वापरकर्ते असतात आणि त्यांना एकाच भाषेच्या निरनिराळ्या आवृत्त्या लागतात. त्यासाठी ‘मॉड्यूल’ ही आज्ञा वापरतात. हवी ती आवृत्ती या आज्ञेने मागितल्यावर तिची डिरेक्टरी ‘पाथ’च्या आरंभी जोडली जाते. मॉड्यूल ही संकल्पना जॉन फर्लानी यांनी १९९१ साली मांडली.

एन्व्हची शेबँग ओळ असल्यास विद्यार्थिनीची स्क्रिप्ट तिन्ही ठिकाणी बदल न करता चालू शकते. महासंगणकावर निवडलेल्या मॉड्यूलमधील पायथन तिला आपोआप मिळतो. पण मॉड्यूल मागविण्यास ती विसरली, तर एन्व्ह तक्रार करणार नाही. ‘पाथ’मध्ये पुढे असलेला प्रणालीचा पायथन ती मुकाट्याने निवडेल. त्या पायथनमध्ये आवश्यक लायब्ररी नसल्यास स्क्रिप्ट थांबेल. लायब्ररीची जुनी आवृत्ती असल्यास स्क्रिप्ट चालेल, परंतु उत्तर वेगळे येण्याचा संभव राहील. यासाठी गणनेच्या कार्यपत्रिकेत (जॉब स्क्रिप्ट) मॉड्यूल मागविण्याची ओळ लिहून ठेवणे आणि पायथनची आवृत्ती निकालासोबत नोंदविणे इष्ट ठरते.

## मर्यादा

नियोजित कामे. ठरावीक वेळी कामे चालविणाऱ्या ‘क्रॉन’ या सेवेत ‘पाथ’ अतिशय आखूड असतो. अनेक प्रणालींवर त्यात ‘/यूएसआर/बिन’ आणि ‘/बिन’ या दोनच डिरेक्टरी असतात. त्यामुळे टर्मिनलवर उत्तम चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमधून मात्र चालत नाही, अथवा दुसऱ्याच आवृत्तीने चालते. क्रॉनच्या नोंदीत ‘पाथ’ स्पष्टपणे देणे हा त्यावरील उपाय आहे.

पर्याय देण्यातील अडचण. लिनक्स कर्नल इंटरप्रिटरच्या मार्गापुढील सर्व मजकूर एकच घटक म्हणून देतो. त्यामुळे ‘पायथन३’ या शब्दापुढे ‘-यू’ हा पर्याय लिहिल्यास एन्व्ह मधल्या मोकळ्या जागेसह ‘पायथन३ -यू’ अशा नावाचा कार्यक्रम शोधू लागते. मॅकओएसमध्ये हा मजकूर शब्दशः विभागला जातो. हा मजकूर विभागण्यासाठी एन्व्हला मोठ्या एस अक्षराचा ‘-एस’ पर्याय देण्यात आला. फ्रीबीएसडीमध्ये तो २००५ साली, तर जीएनयू कोअरयुटिल्सच्या ८.३० या आवृत्तीत २०१८ साली आला. त्यापूर्वीच्या प्रणालींवर तो चालत नाही.

नावातील संदिग्धता. एन्व्ह केवळ नाव पाहते. ‘पायथन’ या नावाने पूर्वी पायथन २ मिळत असे. त्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. त्यानंतर काही प्रणालींवर ‘पायथन’ हे नाव पायथन ३ साठी वापरले जाते, तर काहींवर ते अस्तित्वातच नाही. म्हणून शेबँग ओळीत ‘पायथन३’ असे स्पष्ट नाव देणे श्रेयस्कर मानले जाते.

ओळीची लांबी. शेबँग ओळीच्या लांबीला मर्यादा असते. ४.२ बीएसडीमध्ये ही मर्यादा ३२ बाइट होती. लिनक्समध्ये ती दीर्घकाळ सुमारे १२७ बाइट होती आणि २०१९ सालच्या ५.१ या कर्नलपासून सुमारे २५५ बाइट झाली. खोल डिरेक्टरीतील आभासी परिसराचा पूर्ण मार्ग ही मर्यादा ओलांडू शकतो. एन्व्हची ओळ आखूड असल्यामुळे तिला ही अडचण येत नाही.

अदृश्य चिन्हे. विंडोजवर लिहिलेल्या मजकुरात ओळीच्या शेवटी एक अतिरिक्त नियंत्रक चिन्ह असते. ते चिन्ह इंटरप्रिटरच्या नावाचा भाग समजले जाते आणि त्या नावाचा कार्यक्रम सापडत नाही. मराठी मजकूर असलेल्या स्क्रिप्टबाबत आणखी एक अडचण संभवते. अशी फाइल यूटीएफ-८ पद्धतीने साठविताना नोटपॅडच्या जुन्या आवृत्त्या आरंभी बाइटक्रमदर्शक म्हणून तीन बाइट घालत असत. त्यामुळे # हे चिन्ह पहिल्या जागी राहत नाही आणि कर्नलला शेबँग ओळखता येत नाही. मग शेल ती स्क्रिप्ट स्वतःच्या भाषेतील समजून वाचू लागतो व पायथनच्या प्रत्येक ओळीवर असंबद्ध त्रुटी दाखवितो.

## सुरक्षितता

‘पाथ’ हा परिसरचल वापरकर्त्याच्या ताब्यात असतो. त्यातील एखाद्या डिरेक्टरीत इतरांना फाइल ठेवता येत असल्यास, कोणीही तेथे ‘पायथन३’ या नावाचा बनावट कार्यक्रम ठेवू शकतो आणि एन्व्ह तो निवडण्याची शक्यता असते. ‘पाथ’मध्ये चालू डिरेक्टरीचा समावेश करणे याच कारणासाठी धोक्याचे मानले जाते.

विशेषाधिकाराने चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हा धोका अधिक असतो. लिनक्समध्ये मालकाच्या अधिकाराने चालण्याची खूण (सेट-यूआयडी) स्क्रिप्टवर असली तरी कर्नल ती दुर्लक्षितो. ‘सुडू’ या आज्ञेत वापरकर्त्याच्या ‘पाथ’ऐवजी प्रशासकाने ठरविलेला सुरक्षित ‘पाथ’ लागू करण्याची सोय आहे. ही सोय सुरू असताना, वापरकर्त्याने निवडलेला आभासी परिसर ‘सुडू’खाली चालणाऱ्या स्क्रिप्टला मिळत नाही.

## वितरणांची धोरणे

प्रणालीचा भाग म्हणून वितरित होणाऱ्या स्क्रिप्टसाठी एन्व्ह वापरू नये, असा संकेत अनेक लिनक्स वितरणांत आहे. डेबियनच्या पायथनविषयक धोरणात ‘/यूएसआर/बिन/पायथन३’ या पूर्ण मार्गाला पसंती दिली आहे. फेडोरामध्ये पॅकेजमधील स्क्रिप्टना एन्व्हची शेबँग ओळ निषिद्ध असून, पॅकेज बांधताना अशी ओळ आपोआप बदलली जाते. वितरणाने आपल्या साधनांची चाचणी विशिष्ट इंटरप्रिटरवर घेतलेली असते. वापरकर्त्याने स्वतःसाठी दुसरा पायथन स्थापित केल्यामुळे प्रणालीची साधने बिघडू नयेत, हा या धोरणांमागील हेतू होय.

## पर्यायी पद्धती

इंटरप्रिटरचा मार्ग स्थापनेच्या वेळी शोधून स्क्रिप्टमध्ये लिहिणे हा मधला मार्ग आहे. शेलच्या मार्गाबाबत पॉझिक्सनेही याच पद्धतीचा सल्ला दिला आहे. पायथनच्या ‘व्हील’ प्रकारच्या पॅकेजमध्ये स्क्रिप्टची पहिली ओळ ‘#!पायथन’ अशी सूचक स्वरूपात असते आणि पिप हा कार्यक्रम स्थापना करताना तेथे प्रत्यक्ष मार्ग लिहितो. निक्सओएसमध्येही पॅकेज बांधताना शेबँग ओळींची दुरुस्ती केली जाते. अशा प्रकारे मार्ग लिहिला गेल्यावर मात्र तो परिसर दुसऱ्या डिरेक्टरीत हलविता येत नाही.

दुसऱ्या पद्धतीत स्क्रिप्टची सुरुवात ‘/बिन/एसएच’ने होते आणि पहिल्या एकदोन ओळींत शेल खऱ्या इंटरप्रिटरला पाचारण करतो. टीसीएल भाषेत यासाठी एक जुनी युक्ती प्रचलित आहे. टिप्पणीच्या शेवटी उलटी तिरपी रेघ दिल्यास टीसीएल पुढील ओळही टिप्पणी समजते, परंतु शेल तसे समजत नाही. त्यामुळे ती पुढील ओळ फक्त शेल चालवितो.

विंडोजच्या कर्नलला शेबँग ओळ समजत नाही. तेथे पायथन ३.३ या आवृत्तीपासून ‘पाय’ हा प्रारंभक कार्यक्रम उपलब्ध झाला. तो शेबँग ओळ स्वतः वाचतो आणि एन्व्हचा उल्लेख असलेली ओळही समजून घेतो. त्यामुळे युनिक्ससाठी लिहिलेली पहिली ओळ विंडोजसाठी बदलावी लागत नाही.

## वापराचे संकेत

अनेक प्रकारच्या संगणकांवर जाणारी, विद्यार्थ्यांत व संशोधकांत वाटली जाणारी आणि आभासी परिसरात चालणारी स्क्रिप्ट एन्व्हच्या ओळीने सुरू करणे सोयीचे ठरते. प्रणालीच्या देखभालीची, विशेषाधिकाराने चालणारी किंवा ठरलेल्या एकाच यंत्रावर राहणारी स्क्रिप्ट पूर्ण मार्गाने सुरू करणे अधिक सुरक्षित असते. केवळ मूलभूत शेल पुरेसा असेल, तेथे ‘/बिन/एसएच’ हा मार्ग बहुतेक सर्वत्र चालतो. मात्र अशा स्क्रिप्टमध्ये बॅशची खास वैशिष्ट्ये वापरता येत नाहीत.

भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या प्रकल्पात लिनक्स, बॅश, पर्ल, पायथन इत्यादी विषयांवरील दृक्‌श्राव्य पाठ विनामूल्य उपलब्ध आहेत. या प्रकल्पातील पाठांचे मराठीसह अनेक भारतीय भाषांत ध्वनिमुद्रण केले जाते.

## हे सुद्धा पहा

- युनिक्स
- डेनिस रिची
- पायथन (आज्ञावली भाषा)
- लिनक्स
- परम (महासंगणक)